बाजार कोसळला म्हणजे कोणता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाळवा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात २८ वर्षे वाणिज्य शिकवून मी निवृत्त झाले. ‘बाजार’ आणि ‘इक्विटी’ हे शब्द वृत्तपत्रांत ज्या पद्धतीने येतात, त्याबद्दल कळकळीने लिहिते आहे.

४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस. मंगळवार, म्हणजे आमच्या गावचा आठवडी बाजार. थोरल्या जाऊबाई दुपारी पाटी रिकामी करून आल्या आणि पदराने घाम टिपत म्हणाल्या, “अगं, पोराचा फोन आलाय पुण्यास्नं. बाजार कोसळला म्हणं. आज तर मेथीची जुडी तिशीला गेली की!”

सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, त्या दिवशी ४,३८९ अंशांनी उतरला होता. ‘गुंतवणूकदारांचे ३१ लाख कोटी बुडाले’ असे सगळीकडे झळकत होते. पुतण्याने घाबरून होते नव्हते ते शेअर विकून टाकले. शुक्रवारी, ७ जूनला, सेन्सेक्स घसरणीआधीच्या पातळीच्याही वर बंद झाला. त्याचे नुकसान मात्र कायमचे झाले, कारण त्याने विकले होते.

हे ३१ लाख कोटी येतात कुठून? शेवटच्या सौद्याचा भाव घ्यायचा आणि कंपनीच्या एकूण शेअरांनी गुणायचा. प्रत्यक्षात त्यातले अगदी थोडे शेअर त्या दिवशी विकले-घेतले जातात. भाव उतरणे वेगळे आणि बुडणे वेगळे. पतपेढी बुडते तेव्हा काय होते, हे आमच्या भागात घरोघरी ठाऊक आहे. तो शब्द तिथेच राहू द्या. आणि नुसते अंश छापू नका, टक्केही छापा. २८ एप्रिल १९९२ रोजी सेन्सेक्स ५७० अंशांनी पडला होता. आज तो आकडा किरकोळ वाटेल, पण ती घसरण पावणेतेरा टक्क्यांची होती. ४ जूनची पावणेसहाच्या आसपास.

त्या रात्री जाऊबाईंनी ट्रंकेतून भावजींच्या नावाचा सहकारी साखर कारखान्याचा भाग दाखला काढला. घड्यांवर फाटायला आलेला, कडेला हळदीचा डाग. “मग ह्याचा भाव पडला का ग?” तो दाखला मी कितीतरी वेळ हातात धरून बसले होते. आयुष्यभर ‘समभाग’ शिकवला, पण इतका चांगला प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता.

या भागाला बाजारभावच नसतो. तो शेअर बाजारात विकता येत नाही. परत मिळालाच तर दर्शनी, म्हणजे दाखल्यावर छापलेल्या किमतीला. पण सभेत दहा भागवाला आणि एक भागवाला, दोघांना एकच मत. कंपनीच्या समभागात उलटे, जितके शेअर तितकी मते. दोन्हीकडे आपण मालक असतो, ठेवीदार नव्हे. कंपनी मोडीत निघाली तर आधी कंपनीची सगळी देणी भागतात आणि उरलेच तर समभागधारकाला. इक्विटी ती हीच : देणी वजा जाता उरते ते आपले. पुतण्याला हे कुणी सांगितलेच नव्हते. तो शेअरला मुदत ठेवीचा थोरला भाऊ समजत होता.

याच इंग्रजी शब्दाला मराठीत दुसराही अर्थ आहे. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानंतर जायकवाडी धरणाच्या निमित्ताने आपण जे ‘समन्यायी पाणीवाटप’ वाचतो, तेही इक्विटीच. तिथे सवाल शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला त्याच्या हक्काचे पाणी पोचण्याचा असतो. मराठीने ‘समभाग’ आणि ‘समन्याय’ असे दोन शब्द वेगळे ठेवले, ही मोठी सोय आहे. असे असताना बातमीत दोन्हीकडे नुसते ‘इक्विटी’ कशाला लिहायचे?

तेव्हा विनंती एवढीच की, शेअर बाजार पडला तर ‘शेअर बाजार’ असे पूर्ण लिहावे. बाजार म्हटले की आमच्याकडे अजून मेथी, हळदीचे सौदे आणि बाजार समितीच डोळ्यांपुढे येते.

जाऊबाईंना पेपर मीच वाचून दाखवते. ‘समभाग’ शब्द आला की हल्ली त्या मला थांबवून विचारतात, “ह्यो आपल्या कारखान्यासारखा भाग, का पोराच्या मोबाइलातला?”

आपली,
एक निवृत्त वाणिज्य शिक्षिका,
ता. वाळवा, जि. सांगली