सिंथेसायझर आधी तानपुऱ्याशी जुळवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

घरच्या लॅपटॉपवर बंदिशीखाली सिंथेसायझरचा भरणा (मागे धरून ठेवलेले सूर) द्यायचा, त्यावर इलेक्ट्रॉनिक ठेका बसवायचा, हा छंद आता ग्वाल्हेरच्या मराठी घरांतही रुजला आहे. घरातली गाणारी वडीलधारी मंडळी मात्र हे ऐकून एकच तक्रार करतात: सूर लागत नाही. ही तक्रार खरी आहे आणि ती उडवून लावू नये. तिचे मूळ बहुतेक वेळा गळ्यात नसून सॉफ्टवेअरच्या एका सेटिंगमध्ये असते. ते दुरुस्त कसे करायचे हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून जरा तपशीलवार लिहितो.

बहुतेक सिंथेसायझर टेम्पर्ड, म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग पाडलेल्या पट्टीत येतात. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर तिथे प्रत्येक सूर शंभराच्या पटीत, म्हणून शुद्ध गांधार ४०० वर. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार ३८६ वर असतो. काळी एकचा सा १३८.६ हर्ट्झ घ्या. खर्जाच्या तारेतून त्याच्या पाचपट, म्हणजे ६९३ हर्ट्झचा उपस्वर ऐकू येतो. सिंथेसायझरचा गांधार १७४.६ हर्ट्झचा, त्याचा चौपट उपस्वर ६९८.५ वर. हे दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला साडेपाच वेळा आवाज हेलकावतो. गायक तानपुरा ऐकून गांधार लावतो आणि भरणा त्याला सतत वर ओढत राहतो. धैवताचा फरक १६ सेंटचा, निषादाचा १२ चा. पंचम जेमतेम २ सेंटने हलतो, म्हणून सा-प धरून ठेवला की सगळे ठीक वाटते आणि गांधार आला की बिघडते.

यावर उपाय फुकट आहे. सर्ज एक्सटी हा मुक्त-स्रोत सिंथेसायझर स्वतःची स्वरपट्टी भरू देतो. नोटपॅडमध्ये साधी फाइल करून तिला एससीएल (.scl) हे शेपूट द्या. पहिल्या ओळीत नाव, दुसरीत १२, आणि पुढे एकेका ओळीवर एकेका सुराचे साशी असलेले गुणोत्तर: १६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३, ४५/३२, ३/२, ८/५, ५/३, ९/५, १५/८, २/१. सा लिहायचा नाही, तो गृहीत असतो. आकडे इंग्रजी अंकांत हवेत. गुणोत्तरांऐवजी सेंट लिहायचे असतील तर दशांशचिन्ह विसरू नका. ३८६.० लिहिले तर ते सेंट. नुसते ३८६ लिहिले तर सॉफ्टवेअर त्याला ३८६ पट समजते आणि गांधार साडेआठ सप्तके वर निघून जातो. पट्टी भरल्यावर एखादा सूर ऐकूच येईनासा झाला तर आधी हे तपासा.

सा कुठे आहे हे सांगायला केबीएम (.kbm) नावाची दुसरी छोटी फाइल लागते. काळी एकसाठी तिच्या सात ओळी अशा: ०, ०, १२७, ६१, ६१, २७७.१८३, ०. काळी पाचवर गाणाऱ्यांनी दोन्ही ६१ च्या जागी ५८ आणि वारंवारतेच्या जागी २३३.०८२ घालावे. ही फाइल टाळणे महागात पडते. पट्टी पांढरी एकवरून मोजलेली राहिली आणि गाणे पांढरी दोनवर असले, तर सा-प हे अंतर ७०२ ऐवजी ६८० सेंटचे होते. २२ सेंटने उतरलेला पंचम कोणाच्याही कानाला टोचतो, आणि मग 'या पट्ट्याच खोट्या' असा निष्कर्ष निघतो.

फरक पडताळताना युनिसन, कोरस, रिव्हर्ब आणि व्हायब्रेटो बंद ठेवा. युनिसनमध्ये आवाज १०-२० सेंट इकडेतिकडे पसरलेले असतात, त्यात १४ सेंटचा फरक बुडून जातो. साधी सॉटूथ लहर घ्या, तानपुरा लावा, गांधार दाबून धरा आणि पट्टी चालू-बंद करून पाहा. तानपुऱ्याचे ॲप वापरत असाल तर त्याचे फाइन-ट्यूनिंग शून्यावर हवे. आणखी एक: ज्या ट्रॅकवर पट्टी भरली नाही तो टेम्पर्डच वाजत राहतो. बासला नवी पट्टी आणि पॅडला (लांब धरलेल्या सुरांच्या भरण्याला) जुनी, हा घोळ फार सहज होतो.

या पट्टीलाही मर्यादा आहेत. तिच्यात रे आणि ध एकत्र दाबले तर तोच ६८० सेंटचा उतरलेला पंचम मिळतो. भूप रागात हे दोन्ही सूर आहेत, तेव्हा पॅडमध्ये ही जोडी धरून ठेवू नये. ठेवायचीच असेल तर धैवत २७/१६ करावा. दरबारीचा आंदोलित गांधार कोणत्याही ठरीव आकड्यात मावत नाही, तिथे भरण्यातून गांधार काढून टाकणेच योग्य. गाण्यात मधेच सा बदलत असेल तर सरळ टेम्पर्ड ठेवा.

मींडेचा प्रश्न वेगळा. पिच-बेंड (सूर वर-खाली वाकवणारे चाक) सहसा दोनच स्वरांतरांवर ठेवलेला असतो, सा ते प या मींडेला सात लागतात. म्हणून तो १२ वर न्या. मिडीमध्ये, म्हणजे कीबोर्ड आणि संगणक यांच्यातल्या संदेशांत, पिच-बेंडच्या १६,३८४ पायऱ्या असतात, तेवढ्यांत मींड गुळगुळीत येते. काही स्वस्त कीबोर्ड मात्र १२८ च पायऱ्या पाठवतात. मग एक पायरी जवळजवळ १९ सेंटची होते आणि मींड जिन्यावरून उतरल्यासारखी ऐकू येते. अशा वेळी सिंथेसायझर मोनो (एका वेळी एकच सूर) करून ग्लाइड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरण्याचा वेळ, १०० ते २०० मिलिसेकंद ठेवावा. एका चॅनलवरचे सगळे सूर एकदम वाकतात, तेव्हा मींडेचा आवाज आणि भरणा वेगळ्या चॅनलांवर हवेत.

गळ्यावर पिच-करेक्शन (गायलेला सूर आपोआप जवळच्या ठरीव सुरावर नेणारे सॉफ्टवेअर) लावण्याची घाई करू नका. ते टेम्पर्ड पट्टीवर असेल तर नेमका लागलेला गांधार १४ सेंट वर खेचते आणि आंदोलनाच्या पायऱ्या पाडते. हे पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण तो गांधार लावायला मुलांनी वर्षे घातलेली असतात.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडक्यात. बफर (संगणक एका वेळी साठवून पुढे पाठवतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला एका बाजूचा विलंब २.७ मिलिसेकंद होतो, ५१२ वर १०.७, गाताना कमी ठेवा, मिक्सिंगला वाढवा. ब्लूटूथ हेडफोन लावून गाऊ नका, आवाज इतका मागे पडतो की लय सुटते. चोवीस बिट वापरा आणि सर्वांत मोठा आवाज उणे १० ते उणे ६ डेसिबलवर राहू द्या. आपल्याकडे मे महिन्यात कूलर बंद करणे जिवावर येते, पण तो बंद करूनच गावे लागते. घरातल्या कापसाच्या दोन रजया गायकाच्या पाठीमागे टांगा. कार्डिऑइड माइक समोरचेच जास्त ऐकतो, म्हणून गायकाच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज त्यात शिरतो. झपतालाला १०/४ आणि रूपकाला ७/४ अशी मोजणी ठेवली की सम नेहमी बारच्या सुरुवातीला येते.

हार्मोनियमवर हाच आक्षेप होता. टेम्पर्ड सूर आणि मींड नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती सत्तरच्या दशकापर्यंत टिकली. सांगलीचे देवल आणि क्लेमंट्स या श्रुतींच्या अभ्यासकांनी त्याआधीच श्रुती-हार्मोनियम (टेम्पर्डऐवजी श्रुतींप्रमाणे सूर लावलेली पेटी) करवून घेतली होती, पण त्यासाठी वेगळी पेटीच घडवावी लागली. आज तेच काम दोन मजकूर-फाइलींत होते.

युनेस्कोने २०२३ मध्ये ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान्यता दिली. १९१८ पासूनचे माधव संगीत महाविद्यालय इथे आहे, १९१४ पासूनचे शंकर गांधर्व महाविद्यालय आहे, राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. या संस्थांना विनंती आहे की त्यांनी वर्षातून एकदा दोन तासांचे प्रात्यक्षिक ठेवावे आणि गायनाच्या विद्यार्थ्यांसोबत घरी संगीत करणाऱ्यांनाही बोलवावे. नीट जवारी काढलेला एक तानपुरा, एक लॅपटॉप, दोन स्पीकर आणि गांधार ऐकून 'हा बरोबर, तो नाही' असे सांगणारे एक गुरुजी एवढीच तयारी लागते. दोन्ही फाइली संस्थेनेच काळी एक ते काळी पाचपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यांसाठी तयार करून विद्यार्थ्यांना द्याव्यात.

आपला,
एक वाचक
जनकगंज, लष्कर, ग्वाल्हेर