हेडमास्तरांच्या पत्राआड राहिलेले वकील लिंकन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अब्राहम लिंकन यांनी मुलाच्या हेडमास्तरांना लिहिले म्हणून सांगितले जाणारे पत्र आपल्याकडे शाळाशाळांच्या भिंतींवर आहे, दर शिक्षक दिनी व्हॉट्सअॅपवर फिरते. त्याचा अस्सल कागद आजवर सापडलेला नाही. तालुक्याच्या कोर्टात उभी हयात काढलेल्या मला वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. या पत्रापुढे त्यांनी खरोखर लिहिलेले झाकले गेले.

लाकडी झोपडी आणि व्हाइट हाऊस यांच्या मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातली जवळपास २५ वर्षांची वकिली आहे. शाळा एकूण वर्षभरही नाही. कायद्याची पुस्तके उसनी आणून वाचली आणि १८३६ मध्ये सनद मिळवली. पुढे स्प्रिंगफील्डहून वर्षातून दोनदा, न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस यांच्याबरोबर, फिरत्या कोर्टासाठी चिखलवाटांनी काऊंटीमागून काऊंटी, म्हणजे जिल्ह्यामागून जिल्हा, फिरायचे. खाणावळीत एका खाटेवर दोन वकील झोपत. आणि कागदपत्रे? ती उंच टोपीत ठेवलेली!

१८३४ ते १८४२ ते राज्याच्या विधानसभेत होते. १८३७ मध्ये सभागृहाने गुलामगिरीविरोधी चळवळीचा निषेध करणारा ठराव मोठ्या बहुमताने केला. तेव्हा गुलामगिरी अन्यायावर उभी आहे, असे लेखी नोंदवणारे दोघेच निघाले, डॅन स्टोन आणि २८ वर्षांचे लिंकन.

मात्र याच लिंकन यांनी १८४७ मध्ये रॉबर्ट मॅटसन या गुलाममालकाचे वकीलपत्र घेतले होते. जेन ब्रायंट आणि तिची मुले आपल्या मालकीची आहेत, असा मॅटसनचा दावा होता. कोर्टाने मायलेकरांना मुक्त केले, लिंकन खटला हरले. ही हार मुलांना सांगायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे. मी स्वतः नको तीही वकीलपत्रे घेतली आहेत. ते ओझे किती काळ उतरत नाही, हे मला माहीत आहे.

१८५०च्या सुमारास त्यांनी वकिलांसाठी एका भाषणाची टिपणे काढली. त्यांचा आशय असा: भांडणे कोर्टात आणू नका, शेजाऱ्याला तडजोडीला राजी करा, जिंकणाराही फी, खर्च आणि वेळ यांत बरेचदा हरलेलाच असतो. तरी काम पुरून उरेल. आणि प्रामाणिक वकील होणे जमणार नसेल, तर वकिली सोडून प्रामाणिक राहा.

बांधाच्या एका हाताच्या वादात दोन पिढ्यांची जमीन विकली गेलेली मी पाहिली आहे. ते दोघे भाऊ माझ्याकडे आले, तेव्हा ही टिपणे मी वाचलेली नव्हती.

येत्या १२ फेब्रुवारीला, लिंकन यांच्या जयंतीला, आपल्या वृत्तपत्राने ती टिपणे मराठीत छापावीत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त वकील, सातारा