इनलाइन-फोरचं तेरावं

28 नोव्हेंबर 2025

प्रिय मंद्या,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे. तुझ्या तीन मेसेजांना उत्तर दिलं नाही, मान्य. तब्येत ठीक, पाठ अधूनमधून हजेरी लावते, बाकी काही नाही.

पत्राचं कारण तू ओळखलंच असशील. 16 तारखेला व्हॅलेन्सियाला, मोटोजीपीत (मोटरसायकल रेसिंगचा सर्वांत वरचा वर्ग), यामाहाची इनलाइन-फोर, म्हणजे चार सिलिंडर एका ओळीत असलेली गाडी, शेवटची धावली. 18 च्या टेस्टला त्यांचे रायडर व्ही-फोर (सिलिंडर दोन-दोन करून व्ही आकारात) घेऊन बाहेर पडले. आज तेरावा. मोटोजीपीत आता एकही इनलाइन नाही. घरात कोणाला सांगावं तर "म्हणजे नक्की काय बंद झालं?" इथून सुरुवात, म्हणून तुला लिहितोय. इनलाइन मोटोजीपीतून जाणार, ही पैज तू जिंकलास. बंड्यालाही कळव, नाहीतर मी पळालो म्हणून तो जन्मभर ऐकवेल.

पण का जिंकलास, हे मी तुला ठरवू देणार नाही. तुझ्या मते इंजिनाची रचनाच हरली. माझ्या मते इनलाइन गेली ती 2 मे 2022 ला, हेरेसच्या रेसच्या दुसऱ्या दिवशी, सुझुकीने आपल्याच टीमला "वर्षअखेर थांबतोय" असं सांगितलं तेव्हा. पुढची साडेतीन वर्षं नुसती ऑक्सिजनवर.

आठव जरा. त्याच्या आधीच्याच रेसनंतर, पोर्टिमाओला, सुझुकीचा रिन्स आणि यामाहाचा क्वार्तारारो दोघेही 69 गुणांवर बरोबरीत होते. मोटोजीपी चालवणाऱ्या डोर्नाशी सुझुकीचा करार 2026 पर्यंतचा. म्हणजे गाडी चालेना म्हणून कंपनी गेली हे साफ खोटं. सुझुकीचं कारण होतं आर्थिक परिस्थिती आणि वाहन उद्योगात येऊ घातलेल्या बदलांवर पैसा आणि माणसं लावायची गरज. 12 मे ला "बोलणी सुरू आहेत" असं जाहीर झालं, जुलैत करार मोडल्याचं, आणि त्याच फटक्यात एन्ड्युरन्सची (लांब पल्ल्याच्या रेसची) फॅक्टरी टीमही बंद. सुझुकीचं 2020 चं विजेतेपद काढलं की तू लगेच त्या वर्षी बाहेर बसलेल्या होंडाच्या मार्केझच्या मोडलेल्या हातावर जातोस, म्हणून ते काढतच नाही. (काढलं. टीमचं विजेतेपदही त्यांचंच होतं.)

आणि "इनलाइनवालेच पळतात" हा तुझा आवडता टोला आता पुरे. 2009 च्या जानेवारीत कावासाकी गेली, ती इनलाइन होती, खरं आहे. पण 2011 संपताना सुझुकी पहिल्यांदा गेली तेव्हा तिची गाडी व्ही-फोर होती! 2015 ला परत आली ती मुद्दाम इनलाइन घेऊन. यावर तू गेली दहा वर्षं विषय बदलतोयस.

तुझी बाजूही मांडतो, म्हणजे रडीचा डाव म्हणायला नको. 90 अंशांच्या व्ही-फोरमध्ये दोन-दोन पिस्टन क्रँकच्या (पिस्टनच्या धावेवर फिरणाऱ्या दांड्याच्या) एकाच पिनवर. क्रँक आखूड आणि ताठ, मेन बेअरिंग पाचाऐवजी तीन, म्हणजे घर्षण कमी. प्रायमरी बॅलन्स (पिस्टनच्या मुख्य धक्क्यांचा तोल) आपसूक मिळतो, तर यामाहासारख्या क्रॉसप्लेन (क्रँकच्या पिना 90 अंशांवर असलेल्या) इनलाइनला डावं-उजवं डोलणं मारायला बॅलन्सर शाफ्ट फिरवावा लागतो आणि तो थोडी ताकद खातो. इंजिन अरुंद, म्हणून फेअरिंग (बाहेरचं कवच) अरुंद, म्हणून गाडी खाली दाबणाऱ्या पंखांना जागा. तोटा एवढाच की मागच्या सिलिंडरांचा एक्झॉस्ट सीटखाली तापतो आणि इंजिन लांबीला वाढल्यामुळे रेडिएटर, पुढचं चाक आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) यांत जागेची मारामारी होते. हे सगळं मी मानतो. नेहमीच मानत होतो, फक्त तुझ्यासमोर नाही.

आता माझं ऐक. 2022 ला ग्रिडवर 24 गाड्या, त्यात इनलाइन सहा : यामाहाच्या चार, सुझुकीच्या दोन. 2023 ला सुझुकी गेली, यामाहाची सॅटेलाइट टीम (कारखान्याच्या गाड्या घेऊन धावणारी खासगी टीम) अप्रिलियाकडे गेली. उरल्या 22 गाड्या, त्यात इनलाइन दोन. टायर सगळ्यांना मिशेलिनचाच, आणि त्याचा साचा नि कंपाउंड सगळ्यांच्या डेटावरून ठरतो. वीस गाड्या उशिरा ब्रेक मारून, गाडी झटकन वळवून, लगेच उभी करून गॅस उघडणाऱ्या. त्यांना मागचा टायर सरळ रेषेत चावणारा हवा. इनलाइनचं पोट वेगळ्याच जेवणावर भरतं : लवकर ब्रेक सोड, गाडी जास्त वेळ झुकलेली ठेव, टायरच्या कडेवर वेग राख. दोन गाड्यांचं गाऱ्हाणं वीस गाड्यांच्या आकड्यांत ऐकू कसं येणार?

त्यात गर्दी. पुढे व्ही-फोर असली की ती वळणाच्या मध्यावर थांबल्यासारखी होते आणि मागच्या इनलाइनला आपला वेगच वापरता येत नाही. वर पुढच्याच्या गरम हवेत पुढचा टायर तापून त्याचा दाब चढतो आणि नेमका जो टायर इनलाइनचा जीव, तोच फुगून घसरायला लागतो. दाब आधीच कमी ठेवून निघावं तर किमान दाबाचा नियम आडवा येतो. आधी 1.88 बार, 2024 पासून 1.80. गर्दीत अडकणार असं धरून कमी भरला आणि एकटाच पुढे निघालास तर दंड, उलटं झालं तर जमिनीवर. क्वार्तारारो पात्रता फेरीत मोकळ्या रस्त्यावर पहिला यायचा आणि रेसला मागे जायचा, ते काही त्याचं मन खचलं होतं म्हणून नाही.

सुझुकी असती तर निदान दोन कारखाने एकाच प्रश्नावर डोकं फोडत असते. चूक आपल्या फ्रेमची की टायरची, हे यामाहाला शेजारच्या इनलाइनकडे बघून कळलं असतं. तो शेजारीच गेला. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती डोक्यातून जात नाही.

कंपनी जाते तेव्हा गाड्या कुठे जातात हा प्रश्न नसतोच. त्या गोदामात नाहीतर संग्रहालयात जातात. प्रश्न त्या चालू करणाऱ्या माणसांचा. या इंजिनाला बटण दाबून चालत नाही. आधी पाणी बाहेरच्या हीटरवर गरम करून इंजिनातून फिरवायचं, कारण पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट गरम इंजिनाच्या मापाने धरलेली असते. मग व्हॉल्व्हचा गॅस बघायचा. तिथे पोलादी स्प्रिंग नसते, दाबाखालचा वायू व्हॉल्व्ह मिटवतो. महिनोन्महिने उभ्या गाडीत तो दाब हळूहळू झिरपतो. दाब न भरता क्रँक फिरवलीस तर लोंबलेला व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत, आणि इंजिनाचा जीव एका फेरीत संपला. दाब भरून, हाताने क्रँक सावकाश फिरवून, काही अडत नाही ना हे बोटांना कळल्यावरच बाहेरचा स्टार्टर लावायचा. मॅन्युअल असेलही, पण किती अडलं म्हणजे "अडलं", हे मॅन्युअलमध्ये नसतं. आणि ती बोटं 2022 च्या डिसेंबरात दुसऱ्या कंपन्यांत नोकरीला लागली. सुझुकीचा तांत्रिक प्रमुख कावाउची होंडात गेला, 2020 चा विजेता रायडर मिर होंडात, रिन्सही होंडाच्या सॅटेलाइट टीममध्ये.

रिन्सचं तर बघच. मेमध्ये बातमी फुटल्यावर ल माँला दोन्ही सुझुकी बाद, मुजेल्लोलाही दोन्ही बाद. वाटलं, आता नुसते दिवस भरणार. तर पठ्ठ्याने ऑक्टोबरात फिलिप आयलंड जिंकलं आणि 6 नोव्हेंबरला व्हॅलेन्सियाला, कंपनीच्या शेवटच्या रेसमध्ये, पुन्हा जिंकला. आणि आता यामाहाची इनलाइन त्याच व्हॅलेन्सियाला संपली, त्या टीममध्येही हाच रिन्स! इनलाइनला पोचवायला दोन्ही वेळा तोच.

आता खरी धास्ती. 2027 च्या नव्या नियमांत इंजिन 1000 वरून 850 सीसी. बोअर (सिलिंडरचा व्यास) 81 मिलिमीटरवरून 75 वर. हिशोब करून बघ : हजारच्या इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) 48.5, नव्याचा 48.1. म्हणजे स्ट्रोक जवळजवळ तोच, पण हेड, व्हॉल्व्ह, पिस्टन, पोर्ट सगळं नवीन. पेट्रोल 22 लिटरवरून 20, गाडी खाली बसवणारी उपकरणं बंद, टायर पिरेलीचे. जुन्या गाडीतलं फार काही पुढे नेता येणार नाही. कंपन्या बाहेर पडतात त्या अशाच उंबरठ्यावर. 1967 च्या हंगामानंतर होंडा आणि सुझुकी गेल्या, तेव्हाही सिलिंडरांची संख्या बांधणारे नियम येऊ घातले होते. नवीन इंजिनाचा खर्च मंजुरीला टेबलावर आला की कोणीतरी मागच्या रांगेतला विचारतोच, "हे करायलाच हवं का?"

केटीएमचंच घे. 2024 च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीची प्रक्रिया, 2025 च्या फेब्रुवारीत देणेकऱ्यांनी 30 टक्क्यांवर तडजोड मान्य केली, पैसा उभा केला बजाजने. त्या सगळ्या धामधुमीत गाड्या धावत राहिल्या, कौतुकच आहे. पण रेसिंग हा ताळेबंदातला असा खर्च आहे की तो कापला तर उद्या सकाळी एकही गिऱ्हाईक परत जात नाही. तिथे भावना चालत नाही. तू म्हणशील, एक गेला तर बाकीच्यांचं फावतं. फावतंच. 1957 ला गिलेरा, मोंडियाल आणि मोटो गुत्सी यांनी एकत्र ठरवून रेसिंग सोडलं, एमव्ही अगुस्ता आधी हो म्हणाली, मग फिरली आणि 1958 ला चारही वर्गांत विजेती. यालाच तू "दूरदृष्टी" म्हणाला होतास, आणि मी काय म्हणालो होतो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

असो. नवीन जागी जम बसला का? वहिनींची परीक्षा झाली असेल, निकाल कळव. काकांना नमस्कार, आणि त्यांचं व्हर्नियर माझ्याकडेच आहे, हरवलेलं नाही, हे त्यांना आधी सांग.

पैजेचं देणं मान्य. फक्त एक अट : देताना बंड्यासमोर तू "2011 ला सुझुकीची गाडी व्ही-फोर होती" हे वाक्य मोठ्याने म्हणायचं. एकदाच.

तुझा,
विन्या