ही शिळी कढी नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत वयस्कर रॉक गायकांच्या अलीकडच्या अल्बमांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. आपलीच जुनी गाणी पुन्हा गाऊन विकायला काढणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत, असा त्याचा एकूण सूर आहे. बाकीच्या नावांसाठी मी भांडणार नाही. पण त्या यादीत अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचा ‘शॅडो किंगडम’ एका वाक्यात निकालात काढलेला पाहून राहवलं नाही. हा अल्बम आल्यापासून आमच्या घरात वाजतो आहे, आणि त्याच्यावर अन्याय झाला असं मला मनापासून वाटतं.

आधी तो झाला कसा, ते सांगायला हवं, कारण लेखात त्याचा उल्लेखच नाही. डिलन 1988 च्या जूनपासून दौऱ्यावरच होता, वर्षाला शंभराच्या आसपास कार्यक्रम. 2020 मध्ये करोना आला, एप्रिलमधला जपानचा दौरा रद्द झाला आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस इतके दिवस घरी बसला. 24 मे 2021 ला त्याला ऐंशी वर्षं पूर्ण झाली आणि 18 जुलैला दिग्दर्शिका अल्मा हारेल यांचा ‘शॅडो किंगडम’ हा चित्रपट इंटरनेटवर दाखवला गेला. पन्नासेक मिनिटांचा, पूर्ण कृष्णधवल. सिगारेटच्या धुराने भरलेला एक जुना क्लब, टेबलांशी बसलेली, नाचणारी थोडी माणसं, आणि मधे डिलन. एका प्रसंगात त्याच्या दोन्ही बाजूंना दोन स्त्रिया उभ्या आहेत आणि त्यातली एक त्याच्या कोटाच्या खांद्यावरचा कचरा हलकेच झटकते. तो गातच राहतो. मला ते दृश्य फार आवडलं. या चित्रपटातल्या गाण्यांचा अल्बम 2 जून 2023 ला आला.

चित्रपट पाहून तेव्हा बरेच चाहते चिडले होते. पंचवीस डॉलरचं तिकीट काढून लोक प्रत्यक्ष मैफलीच्या अपेक्षेने बसले होते, आणि समोर आलं ते आधी ध्वनिमुद्रित केलेलं. पडद्यावर मास्क लावून वाजवताना दिसणारे वादक वेगळे आणि ध्वनिमुद्रणात वाजवणारे वेगळे. फसवणूक झाली, असं काहींचं म्हणणं. पार्श्वगायनावर ज्यांच्या तीन-चार पिढ्या वाढल्या त्या आपल्यासारख्यांना तरी यात खटकण्यासारखं काही नसावं. तो चित्रपट आहे, त्याने चित्रपटासारखं वागावं.

आता मूळ मुद्दा, गाण्यांचा. अल्बममध्ये तेरा जुनी गाणी आहेत आणि शेवटी ‘सिएराज थीम’ ही एक नवी, नुसती वाद्यांची रचना. तेरातली बहुतेक 1965 ते 1974 या काळातली, एकच 1989 चं. या सगळ्या अल्बममध्ये ड्रम्स नाहीत. रॉक संगीत ज्याच्या जिवावर उभं राहिलं तो कणाच काढून घेतलाय! ठेका सांभाळतात गिटारी आणि बास, आणि त्यांच्या मागून अकॉर्डियन श्वास घेतल्यासारखं येतं-जातं. त्यामुळे होतं असं की आवाज अगदी पुढे, कानाशी येतो. ‘टूमस्टोन ब्लूज’ घ्या. 1965 च्या ध्वनिमुद्रिकेत ते गाणं उधळलेल्या घोड्यासारखं धावतं, शब्द पकडता पकडता दमछाक होते. इथे ते इतकं संथ केलंय की डिलन जवळजवळ बोलतोच. तेच शब्द, पण तेव्हा जी टवाळी वाटायची ती आता साक्ष दिल्यासारखी वाटते. कॉलेजात असताना वसतिगृहातल्या मित्राच्या कॅसेटवरून मी हे गाणं पाठ केलं होतं. त्यातली अर्धी चित्रं मला आत्ता, साठी उलटल्यावर दिसली.

‘टू बी अलोन विथ यू’ची तर त्याने शब्दांसकट नवी मांडणी केली आहे. 1969 मध्ये ते साधंसुधं, हसरं प्रेमगीत होतं. आता त्यात एक गडद सावली फिरते. ज्याला फक्त जुनं विकायचं असतं तो ओळखीचे शब्द कशाला पुसेल?

‘फॉरएव्हर यंग’विषयी थोडं सविस्तर लिहितो. 1974 च्या अल्बममधलं हे गाणं म्हणजे बापाने लेकराला दिलेला आशीर्वाद. तेव्हा डिलन तिशीत होता, घरात लहान मुलं होती. ‘शॅडो किंगडम’मध्ये तोच आशीर्वाद ऐंशी वर्षांचा माणूस देतो. ते ऐकताना मला माझी आई आठवते. 1988 मध्ये माझ्या मुलीच्या बारशाला आईने पाळणा म्हटला होता, खणखणीत आवाजात, शेजारच्या वाड्यात ऐकू जाईल असा. 2022 मध्ये त्याच मुलीच्या मुलीच्या बारशाला आई शहाऐंशी वर्षांची होती. पाळण्याची दोरी एका हातात, दुसरा हात कडीवर टेकलेला. वरचा स्वर आता लागत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने तिथे जायचंच टाळलं. ओळ खालीच वळवली, मधे एक श्वास घेतला आणि ‘जो बाळा जो जो’ एवढंच फार हळू म्हटलं. घरात चिटपाखरू बोललं नाही. माझी बायको पदराने डोळे पुसत होती. पूर्वीचा पाळणा जास्त चांगला होता, असं त्या दिवशी कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. डिलनही या गाण्यात नेमकं तेच करतो. जिथे आवाज पोचत नाही तिथे तो ओढाताण करत नाही, ओळ वळवतो, थांबतो, आणि त्या थांबण्यात गाण्याचा अर्थ उतरतो.

हे आपोआप आलेलं नाही. 2015 ते 2017 या काळात त्याने अमेरिकेतल्या जुन्या लोकप्रिय गीतांचे लागोपाठ तीन अल्बम केले. त्यातली बरीचशी गाणी आधीच्या पिढीतला गायक फ्रँक सिनात्रा याच्या आवाजात लोकांच्या कानात बसलेली. ती गाताना त्याचा घोगरा, फाटलेला आवाज शब्द कुठे सोडायचा आणि कुठे धरायचा हे नव्याने शिकला, असं मला वाटतं. त्या शिक्षणाचं फळ इथे दिसतं. लेखात त्याच्या आवाजाला ‘संपलेला’ म्हटलंय. हेडफोन लावून फक्त ‘व्हॉट वॉज इट यू वॉन्टेड’ ऐका, एवढीच लेखकांना विनंती. त्यातला प्रत्येक प्रश्न तो वेगळ्या वजनाने विचारतो.

लेखात पुन्हा ध्वनिमुद्रित केलेली सगळी गाणी एका पोत्यात भरली आहेत, तेही मला पटलं नाही. बीटल्स या ब्रिटिश बँडमधल्या पॉल मॅकार्टनीने 1984 मध्ये स्वतःच लिहिलेल्या आणि स्वतःच काम केलेल्या चित्रपटासाठी बीटल्सची काही गाणी पुन्हा गायली. त्याच चित्रपटात असलेल्या, बीटल्सच्याच ड्रमर रिंगो स्टारने मात्र ती जुनी गाणी पुन्हा वाजवायला नकार दिला. माझ्या मते रिंगोचं बरोबर होतं. मॅकार्टनीची ती गाणी मूळ गाण्यांच्या इतक्या जवळ घुटमळतात की मूळच ऐकावंसं वाटतं. अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टने 2021 पासून आपले जुने अल्बम पुन्हा गायले, ते मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी तिच्याकडे नव्हती म्हणून. तिथे नवं गाणं जुन्यासारखंच वाटायला हवं होतं, आणि तिचं ते कारण रास्त होतं. डिलनचा प्रयत्न या दोघांच्या उलट दिशेचा. त्याला गाण्यात आज काय सापडतं ते पाहायचं आहे. आणि हे चित्रपटापुरतंही नव्हतं. नोव्हेंबर 2021 मध्ये दौरा पुन्हा सुरू झाला तेव्हा यातली चार-पाच गाणी तो रंगमंचावर घेऊन गेला.

खरं तर मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागू नये. बालगंधर्वांची पदं कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ म्हणून गायली तेव्हा त्यांनी हुबेहूब नक्कल केली नाही, आपल्याला काय दिसलं ते गायलं. तेच पद दुसऱ्या गळ्यातून वेगळं होतं हे आपण आनंदाने स्वीकारतो. मग तोच गळा पन्नास वर्षांनी दुसरा होतो, हे स्वीकारायला काय हरकत आहे? त्यातून आमचं गाव मिरज. एकच चीज म्हाताऱ्या गवयाकडून वर्षानुवर्षं ऐकणारी आणि दर वेळी नव्याने दाद देणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलोय.

संपादक महाशय, माझी एक छोटी मागणी आहे. अशा अल्बमांवर लिहाल तेव्हा कृपया गाण्यांची यादी आणि प्रत्येक गाणं मुळात कोणत्या वर्षीचं, एवढं तरी चौकटीत छापा. नव्या मुलांना दोन्ही गाणी शोधून शेजारी ठेवून ऐकता येतील. माझ्या पुतण्याला मी अशी यादी वहीच्या पानावर लिहून दिली होती. त्याने ‘इट्स ऑल ओव्हर नाऊ, बेबी ब्लू’ची 1965 ची आणि ही, अशी दोन्ही एका रात्रीत ऐकली आणि सकाळी चहाला बसताना विचारलं, “काका, पहिल्यात तो कुणाला तरी निरोप देतोय. दुसऱ्यात स्वतःला देतोय का?” मला उत्तर देता आलं नाही. आम्ही दोघांनी मिळून ते पुन्हा लावलं.

आपला नियमित वाचक,
मिरज