गोट्या, रकान्यात तुझं नाव लिहिलंय

हॅम्बुर्ग, रविवार दुपार

प्रिय गोट्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू सगळ्याला "हो हो, बघू" म्हणतोस आणि पुढे काही बघत नाहीस, म्हणून हे लिहितोय. कपडे धुवायच्या दुकानात बसलोय. मशीनमध्ये चौघांचे टी-शर्ट फिरतायत आणि बाकीचे तिघं मासळीबाजार बघून येऊन मेल्यासारखे झोपलेत. तो बाजार १७०३ पासून दर रविवारी पहाटे भरतो म्हणे. थंडीत जरा उशिरा, सातला. पिंट्यानं पावात घातलेली कच्ची हेरिंग खाल्ली आणि "बोंबलाची सर नाही" असा निकाल दिला.

तब्येती ठीक. माझी पाठ आहे तशीच. आपल्या गायकाचा, म्हणजे दाढीचा, घसा बसला होता, आल्याच्या चहानं उठला.

आता मुद्दा. परवा रात्री कार्यक्रम संपल्यावर क्लबच्या बाईंनी पाकीट दिलं आणि सोबत एक कागद. गाण्याचं नाव, संगीतकार, गीतकार, किती मिनिटं, असे रकाने. इथे गेमा म्हणून संस्था आहे. कुठेही गाणं वाजलं की कार्यक्रम करणारा तिच्याकडे पैसे भरतो आणि कुणाकुणाचं वाजलं त्याची यादी देतो. आपल्याकडे हेच काम करणाऱ्या आयपीआरएसशी तिचं आपसात ठरलेलं आहे, त्यामुळे त्या यादीतले पैसे फिरत फिरत पुण्यापर्यंत येऊ शकतात. किती येतील? एका गाण्याचे, एवढ्याशा क्लबातले? चहा आणि क्रीमरोल. तेव्हा पैशावर जाऊ नकोस, मीही गेलेलो नाही.

बाकीची गाणी पटापट भरली. 'उतार'पाशी आलो आणि पेन थांबलं. संगीतकार कोण?

दाढी म्हणाला, "थांबलास का? माझं लिही."

मी दाढीचं लिहिलं, तिरकी रेघ मारली आणि पुढे तुझं लिहिलं. त्यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणत नाहीत, कारण बाई तिथेच उभ्या होत्या आणि पिंट्या "जेवण गार होतंय" एवढंच म्हणत होता. (हा माणूस जगबुडीच्या वेळीही हेच म्हणेल.) पण खंबाटकी घाटातल्या भांडणानंतर दाढीचा तसला चेहरा मी पहिल्यांदा पाहिला.

त्याचं म्हणणं सरळ आहे. चाल माझी, शब्द माझे. गोट्यानं ठेका वाजवला. ठेकेवाल्याचं नाव लावायचं तर उद्या आता ड्रम वाजवणाऱ्या केतकीचं लाव, परवा स्वतःचं लाव. आणि तो बँड सोडून गेला की रे. सोडून गेलेल्या माणसाचं नाव किती वर्षं लावायचं?

हे मला पूर्ण खोटं म्हणता येत नाही, म्हणून तर झोप नाही. शिवाय दाढी लबाड नाही, तुलाही माहीत आहे. पहिला अँप घ्यायला त्यानं गाडी विकली होती. त्याच्याजवळ गाण्यांशिवाय दुसरं काही नाही. तुझ्याकडे महावितरण तरी आहे.

आता स्टुडिओतलं ऐक, म्हणजे मी ती रेघ का मारली ते कळेल. स्टुडिओ इथल्याच आल्टोना भागात. मागच्या अंगणात जुनं वर्कशॉप होतं, त्याचंच केलंय. रेकॉर्डिंग करणारा बाबा उंच, हडकुळा आणि बोलायला महाकंजूष. 'उतार' आम्ही क्लिकवर घेतलं, म्हणजे कानात मेट्रोनोमची टिकटिक लावून, मिनिटाला १०४ ठोक्यांवर. केतकी कशी वाजवते ते तू ऐकलेलं नाहीस. घड्याळ तिच्याकडून वेळ लावून घेईल. ढोलकीचा भाग ती ड्रमसेटमधल्या फ्लोअर टॉमवर आणि तार सैल केलेल्या स्नेअरवर वाजवते. गाणं संपलं, काचेपलीकडून बाबा म्हणाला, "व्हेरी करेक्ट." हे तो असं म्हणाला की पिंट्यानं गिटार खाली ठेवली.

परत ऐकलं. एक चूक नाही, आणि गाणं मेलेलं. सहा मात्रा सहाच्या सहा जागेवर, पण दुसऱ्या अंतऱ्याला पोटात जो गोळा येतो तो नाही. मला वाटलं बास कमी पडतोय. दाढीला वाटलं हेडफोनमध्ये त्याचा आवाज कमी आहे. हे तर त्याला लग्नातसुद्धा वाटतं.

मग केतकीनं हेडफोन काढले. म्हणाली, "जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गाणं पळतंय. मला क्लिक नको."

जुनं रेकॉर्डिंग म्हणजे काकूंच्या अडगळीच्या खोलीतलं, तुझ्या त्या फुटक्या मोबाइलवरचं, मागे कुकरची शिट्टी असलेलं. पोरीनं ते कुठून मिळवलं देव जाणे, पण ती वर्षभर ते ऐकतेय. तुला कधी भेटलेली नाही आणि तुझा डावा हात तिला पाठ आहे. तिचं पुढचं वाक्य जसंच्या तसं देतो: "चुकून पळणारा माणूस दर वेळी वेगळ्या जागी पोचतो. हा दर वेळी त्याच जागी पोचतोय."

फुशारू नकोस. तू मुद्दाम पळायचास हे मी आजही मान्य करत नाही. दुसऱ्या अंतऱ्यानंतर तुला बाहेर जाऊन सिगरेट ओढायची असायची, म्हणून पळायचास. मेट्रोनोम मी माझ्या पैशानं आणला होता आणि तू तो काकूंच्या लोणच्याच्या बरणीमागे लपवलास, हेही मी विसरलेलो नाही.

पण क्लिक बंद करून घेतलं. सगळे एकाच खोलीत, एकमेकांकडे बघत, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात जातोय तर जाऊ दे. बाबानं नंतर पडद्यावर दाखवलं: सुरुवात ९८ ला, दुसऱ्या अंतऱ्याला १०४, शेवट १०९. लाटांची टोकं रेघांवरून हळूहळू निसटत गेलेली. "धिस वन," म्हणाला आणि कॉफी आणायला गेला. दाढी तर उड्या मारत होता. परवा क्लबातही तसंच पळवलं. पुढे उभी असलेली जर्मन मंडळी दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत हाताची घडी घालून होती, नंतर नव्हती.

म्हणजे बघ, त्याला पळतं गाणं हवंय, पण ते पळवणारा कागदावर नकोय. माझं एवढंच म्हणणं आहे. चाल म्हणजे फक्त गळ्यातून येते ती का? आपल्याकडे लावणीच्या फडापासून सिनेमापर्यंत हेच. चाल बांधली त्याचं नाव, लिहिली त्याचं नाव, आणि ठेका जणू हवेतून आला. 'उतार' दाढीनं आणलं तेव्हा ते भावगीत होतं, आठव. कुणी ऐकलं तर नोकरीला लावतील असं. ते खेमट्यात, त्या सहा मात्रांच्या ठेक्यात टाकून पळवलंस तू.

फ्रँकफुर्टहून येताना गाडीत चार तास होते, म्हणून कायदाही वाचला होता. हस मेल्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकार म्हणजे संगीत रचणारा, मग तो ते स्वरलिपीत लिहो वा न लिहो. म्हणजे तुला नोटेशन येत नाही हे कारण बाद. आणि २०१२ पासून संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी अशी सहज सही करून सोडून देता येत नाही. पण ठेका म्हणजे रचना की साथ, ते कायदा कुठे सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवायचंय आणि त्यातला एक माणूस रत्नागिरीत बसलाय.

इथलं एक सांगतो, तुला आवडेल. आम्ही उतरलोय तिथून चालत ग्रोस फ्राइहाइट नावाची गल्ली. तिथे इंद्रा नावाचा क्लब, पाटीवर हत्ती! १७ ऑगस्ट १९६० ला बीटल्स तिथे पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले. रोज साडेचार तास, शनिवार-रविवारी सहा. राहायला एका थिएटरच्या पडद्यामागची खोली. (आम्हाला क्लबच्या वरच बंकबेड दिलेत आणि पिंट्या तक्रार करतो.) पुढच्या वर्षी ते परत आले आणि जूनमध्ये हार्बुर्गच्या एका शाळेच्या सभागृहात टोनी शेरिडन या गायकाला साथ करत त्यांनी रेकॉर्ड केलं. तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर बीटल्स हे नावच नव्हतं. 'बीट ब्रदर्स' छापलं होतं!

आणि ड्रमर तेव्हा पीट बेस्ट. तो पळतो म्हणून निर्मात्यानं त्याचा बास ड्रम आणि टॉम काढून घेतले होते असं सांगतात. १९६२ च्या ऑगस्टमध्ये त्याला बँडमधूनच काढलं. १९९५ ला जुनी रेकॉर्डिंग बाहेर आली तेव्हा कुठे त्याला बरे पैसे मिळाले. हे मी जेवताना सांगितलं तर दाढी म्हणाला, "गोट्याला आपण काढलं नव्हतं." बरोबर आहे. तू स्वतःच उतरलास, सुरूरला, ढोलकी घेऊन, आणि एसटीला हात केलास. तेव्हा कोण काय बोललं ते मी इथे उगाळत नाही. तुझं वाक्य जास्त वाईट होतं.

बाकी प्रवास झकास, आणि फुकटात काहीच नाही. व्हिसाचे माणशी ९० युरो, वर ३०,००० युरोचा विमा सक्तीचा. ड्रमसेट आणि अँप इथले भाड्याचे, केतकीनं फक्त स्नेअर, झांजा आणि पेडल आणलं. परदेशी कलाकारांच्या मानधनातून इथे १५ टक्के कर आणि त्यावर अधिभार कापतात, पण कार्यक्रमामागे माणशी २५० युरोपर्यंत माफ. आमची गरिबी कामाला आली. पिंट्याला गिटारच्या शिसवाच्या फिंगरबोर्डची धास्ती होती, संरक्षित लाकूड म्हणून विमानतळावर धरतील अशी. तयार वाद्यांना २०१९ पासून सूट आहे हे मी त्याला मुंबईतच सांगितलं होतं, तरी तो गिटार पोराला धरावं तशी धरून आला.

थंडी आहेच, आणि चारलाच दिवे. नदीखालून चालत जायचा १९११ चा बोगदा आहे, सव्वाचारशे मीटरचा, आतून फरशा लावलेला. तिथे दाढीनं तान मारली. सायकलवाले थांबून बघत होते.

कार्यक्रमाला एअरबसमध्ये काम करणारी आपली पोरं आली होती. एक नागपूरकर डबाभर सांबारवडी घेऊन आला. त्याला चार ओव्या लिहून द्याव्यात असं वाटलं. दुसऱ्यानं "ढोल-ताशाचं काही नाही का?" विचारलं. दर गावी एक असतोच.

पण मी परत त्याच कागदावर येतो. मला भीती दाढीची नाहीच, तो चार दिवसांत गार होतो. भीती तुझी आहे. तू म्हणशील, "काढ रे नाव, मला काय करायचंय." तुझा तो मोठेपणाचा आवाज मला इथे ऐकू येतोय. तो मोठेपणा नाही गोट्या, तो सुरूरचा राग आहे, इस्त्री करून ठेवलेला. तू 'नको' म्हणालास तर दाढीला वाटेल तोच बरोबर होता, केतकीला वाटेल ती ज्याच्याकडून शिकली त्याला गाण्याची किंमत नाही, आणि मी मधल्यामध्ये. जानेवारीत गाणी बाहेर काढायची आहेत. त्याआधी आयपीआरएसकडे नोंद करायची, तिथे कुणाचा किती वाटा ते लिहावं लागतं. अर्धं-अर्धं म्हण, पाव म्हण, पण आकडा तू सांग, आणि तो शून्य नको. तू सभासदही नाहीस, तो अर्ज वेगळा. मी भरून पाठवतो, तू सही कर. नेहमीसारखा चहा सांडू नकोस.

सोबत दोन्ही फाइली पाठवतोय, क्लिकची आणि पळालेली. पळालेली आधी ऐक. घरी ऐकू नकोस, गाडीत ऐक, मोठ्यानं. आणि दाढीला फोन कर. या विषयावर नाही, नुसताच.

तुझं काय? चिपळूणच्या बदलीचं झालं का? छकुली पहिलीत गेली ना, तिला इथून एक लाकडी खुळखुळा घेतलाय, लहान वाटला तर ठेवून दे. वहिनींच्या परीक्षेचं कळव. नानांचा गुडघा बरा असेल. ढोलकीची शाई उडालीय म्हणाला होतास, ती तशीच वाजवत बसू नकोस, पुण्यात आलास की देऊ दुरुस्तीला.

मशीन थांबलं. पिंट्याच्या लाल मोज्यानं सगळे टी-शर्ट नासवलेत बहुतेक.

तुझा,
बाब्या

ता. क. पूर्ण नाव आधारकार्डावर इंग्रजीत कसं आहे ते कळव. परवा आडनावात व्ही की डब्ल्यू तेच मला आठवेना. शेवटी दाढीला विचारलं. त्यानं एक-एक अक्षर नीट सांगितलं आणि मग म्हणाला, "पण मला मान्य नाही."