बाबा, पैसे परत पाठवू नका

लंडन, मे महिना

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

छपरासाठी पाठवलेले पैसे बाबांनी पुन्हा माझ्याच खात्यात टाकले, हे बँकेच्या मेसेजवरून कळलं. फोनवर हा विषय काढला की बाबा आवाज चढवतात आणि आई, तू जेवलास का म्हणून विचारतेस. म्हणून लिहितोय.

परवा सेंट पॉल्स कॅथीड्रलला गेलो होतो. चर्चच्या पाळकांच्या कुटुंबांना मदत करणाऱ्या एका जुन्या संस्थेची वार्षिक उपासना होती. तीन कॅथीड्रलांचे गायक एकत्र गातात. घुमटाखाली सूर इतका रेंगाळतो की पुढची ओळ सुरू झाली तरी मागची कानात असते. आई, तुला फार आवडलं असतं.

या संस्थेची हकिकत मात्र बाबांसाठी आहे. साल १६५५, इंग्लंडमध्ये राजाला हटवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलचा अंमल. राजाची बाजू घेणाऱ्या, जुनं प्रार्थनापुस्तक न सोडणाऱ्या कितीतरी पाळकांना मंडळ्यांतून काढून टाकलेलं. पाळकाचं घर नोकरीबरोबर येतं आणि नोकरीबरोबरच जातं, हे तुम्हाला मी काय सांगायचं! बायकापोरं उघड्यावर आली. तेव्हा पुढे कोण आलं? लंडनमध्ये व्यापारउदिमात बस्तान बसलेली पाळकांचीच मुलं. ८ नोव्हेंबरला त्यांनी सेंट पॉल्समध्ये उपासना ठेवली. संदेश दिला जॉर्ज हॉल यांनी, तेही एका बिशपचेच चिरंजीव. 'सन्स ऑफ द क्लर्जी', म्हणजे पाळकांचे मुलगे, हे नाव त्यातूनच रूढ झालं.

१६७८ मध्ये, राजसत्ता परत आल्यावर, राजा दुसऱ्या चार्ल्सने संस्थेला सनद दिली. पाळकांच्या विधवांना पेन्शन, मुलांना कारागिराच्या हाताखाली ठेवायचं तर त्याची फी, अशी कामं चालली. पुढे हॅन्डेलचं संगीत उपासनेत आलं आणि लोक नुसत्या तालमीलाही गर्दी करू लागले; तिथेही वर्गणी गोळा व्हायची. वर मोठी पंगत! विधवांसाठी पैसे जमवायचे आणि आधी आपण जेवायचं, हे मला जरा गमतीचंच वाटतं. पण आपल्याकडे तरी सणाच्या जेवणाशिवाय कोण अर्पण देतं?

अनाथ मुलांसाठी १७४९ मध्ये वेगळी सोसायटी निघाली. तिची यॉर्कशायरमधल्या थर्स्कला सुरू झालेली शाळा आज कँटरबरीत आहे. मूळ संस्था आता क्लर्जी सपोर्ट ट्रस्ट या नावाने चालते. बायकाही पाळक झाल्यावर नुसतं 'सन्स' म्हणून कसं चालेल?

बाबा, मी बोर्डिंगात शिकलो तो कुणाच्या तरी वर्गणीवरच ना? तो फॉर्म तुम्हीच भरला होता, आणि खाली सही करताना तुमचा हात अडखळला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांसाठी झोळी फिरवलीत, मग स्वतःच्या घराशी आल्यावरच कसला संकोच? मी काही परका दाता नाही, पाळकाचाच मुलगा आहे.

पैसे पुन्हा पाठवतोय, या वेळी आईच्या खात्यात. स्वयंपाकघरावरचे पत्रे आधी बदला, बाकीचे दिवाळीनंतर बघू. पन्हळही नवीन टाकायला सांगा; गंजलेलीच परत ठोकली तर पाणी पुन्हा ओट्यावर येईल. मिस्त्रीला पावसाआधीची तारीख द्यायला लावा आणि निम्मेच पैसे आगाऊ द्या.

तुमचा,
बाळू