मधुराला, रसाच्या बाटल्यांवरून

पुणे,
रविवार

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू आईला सांगत होतीस, की ते शरीरशुद्धीचं सहा बाटल्यांचं पाकीट मागवून नुसत्या रसावर राहायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, उठताना चक्कर आली, पण शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडताना असं होतंच म्हणे. आईने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "जन्मभर लोकांचं रक्त तपासलंत ना, आता लेकीला तुम्हीच सांगा." फोनवर आपण दोघं दुसऱ्या मिनिटाला भांडणावर येतो, म्हणून हे पत्र.

आधी तुझं डोकं. तू दिवसाला चार कप चहा पिणारी मुलगी. तो एका दिवसात तोडलास, वर पोटात घासभर अन्न नाही. डोकं दुखणार नाही तर काय होईल? त्यात विष कुठून आलं? ग्यानबाची मेख अशी की त्रास झाला तर म्हणायचं विष निघतंय, नाही झाला तर म्हणायचं विष निघून गेलं. दोन्हीकडून बाटली खपते. आणि मग तू त्या रिकाम्या पोटी पेनकिलर घेतलीस. मला खरी धास्ती वाटली ती तिथे. त्यावर पुढे येतो.

लॅबमध्ये रोज सकाळी मी नळ्या फिरवायला लावायचो. मशीन थांबलं की लाल पेशी तळाला बसलेल्या आणि वर सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, साधारण फिकट पिवळं. काविळीच्या माणसाचं सीरम गडद हळदीसारखं. काल रात्री लग्नात जेवून, उपाशी न राहता आलेल्याचं दुधासारखं गढूळ. चौतीस वर्षं हे रंग बघितले. त्यावरून एवढंच सांगतो, की ज्याचं यकृत आणि मूत्रपिंड धड आहे त्याच्या रक्तात "साचलेलं विष" असं काही वेगळं तपासायला कधी आलं नाही. तुझ्या त्या जाहिरातीत कुठलं विष काढणार त्याचं नाव आहे का बघ. नाव नसलेल्या गोष्टीची तपासणी कशी करायची?

दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळून घेतात. तुमच्या ऑफिसात येतात ते वीस लिटरचे नऊ जार. त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात आणि नको ते दीड-दोन लिटरमध्ये बाहेर टाकतात. यकृत दीडेक किलोचं. प्रथिनं पचल्यावर जो अमोनिया उरतो त्याचा युरिया करतं, दारू, गोळ्या, सगळं मोडून निरुपद्रवी करायला बघतं. हे काम तू झोपलेली असतानाही चालू असतं. सहा बाटल्यांचं पाकीट येईपर्यंत कुणी थांबलेलं नसतं.

माझ्या लहानपणी आजी महिन्यातून एका रविवारी एरंडेल द्यायची. आम्ही भावंडं माळ्यावर लपायचो. दिवसभर परसाकडे फेऱ्या, संध्याकाळी मऊ भात, आणि आजी समाधानाने म्हणायची, "झालं, पोट साफ." आता वाटतं, तुझ्या त्या पाकिटापेक्षा आजी स्वस्त होती, एवढाच काय तो फरक. वजनाचं म्हणशील तर तीन दिवसांत उतरलेलं वजन बरंचसं पाण्याचं, दोन वरणभातांत परत येईल. (वैद्याच्या देखरेखीखाली पंचकर्म करणाऱ्यांबद्दल मी बोलत नाहीये. ते तू करत नाहीयेस.)

हिरव्या बाटलीवर "दुधी" असं लिहिलेलं वाचून आई उठून बसली. मंडईतून दुधी आणला की ती काय करते ते तू लहानपणापासून बघितलंयस. देठाकडचा पातळ काप काढते, जिभेला लावते, कडू लागला की अख्खा दुधी कचऱ्यात. भाजीवाल्याशी भांडत नाही, मीठ लावून बघत नाही. कडू दुधीत जे द्रव्य असतं ते शिजवूनही जात नाही. रस पिऊन उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव झाल्याची उदाहरणं आहेत. २०१० मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ कडू दुधीचा रस पिऊन दगावले, त्यानंतर तज्ज्ञांच्या समितीनेही तेच सांगितलं जे आई करते: कडू लागला तर टाका. बाटलीतल्या दुधीचा काप कुणी चाखला होता? वर आलं, लिंबू, सफरचंद घातल्यावर कडूपणा कळणार तरी कसा?

आणि रस काढताना चोथा फेकतात, याचं मला सगळ्यात नवल वाटतं. यकृत नको असलेल्या बऱ्याच गोष्टी पित्तात सोडतं, पित्त आतड्यात उतरतं, आणि खाल्लेल्या अन्नात चोथा असेल तर तो त्यातलं काही धरून बाहेर नेतो. नसेल तर पित्तातले पुष्कळसे घटक आतड्यातून परत यकृताकडे जातात. आपल्या दारात रोज "स्वच्छ"च्या ताई येतात ना, ओला-सुका वेगळा करून द्यायचा. तू घरातला सगळा केर काढून ठेवलास आणि ताईंनाच सुट्टी दिलीस, असला प्रकार झाला. ज्वारीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ, सालासकट पेरू. रोजचंच. बंगळूरला ज्वारी मिळते, मी विचारलंय.

आता गोळीचं. हे आईलाही नीटसं माहीत नाही. निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यात माझे गुडघे धरले होते. मेडिकलमधून पेनकिलर आणायचो, सकाळी एक, रात्री एक, चार महिने. कुणाला विचारलं नाही. मला कोण शिकवणार, असा तोरा. एके दिवशी सहज स्वतःचं रक्त काढलं. नळीवर नाव घातलं नाही, नुसता नंबर टाकला. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट गाळेनाशी झाली की रक्तात वाढणारं द्रव्य, १.७ आलं. माझं कायम १.० असायचं. मी म्हटलं मशीन बिघडलं, कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले नमुने, पुन्हा लावले. कंट्रोल अगदी जिथे हवेत तिथे. तीच नळी परत लावली. १.७.

डॉक्टर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, या गोळ्यांनी मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी होतं, त्यात उन्हाळा आणि तुम्ही पाणी कमी पिता. गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी १.२ वर आलं, तिथेच थांबलंय. लॅबमधला माणूस, रोज दुसऱ्यांचे आकडे लाल पेनने गोल करणारा. म्हणून सांगतो, उपाशी पोटी, पाणी कमी प्यालेलं असताना पेनकिलर नको. डोकं फारच दुखलं तर आधी काहीतरी खा, पाणी पी. आणि कुठल्याही "लिव्हर शुद्धी" पावडरीवर नुसतं "वनस्पती मिश्रण" लिहिलेलं असेल तर ती घेऊ नकोस. वनस्पती म्हटलं की यकृताला सुट्टी मिळत नाही, तीही त्यालाच मोडावी लागते.

पाण्याचं विचारलं होतंस. रोज चार लिटरचा नेम नको. तहान लागेल तसं पी, उन्हात जास्त, आणि लघवी फिकट लिंबाच्या सरबताच्या रंगाची असली की पुरे. बी कॉम्प्लेक्स घेतलीस तर ती पिवळीजर्द होते, तेव्हा घाबरून मला रात्री फोन करू नकोस. शनिवारच्या पार्टीचं मला माहीत आहे, आईला नाही. यकृत दारू आपल्या गतीनेच मोडतं. सकाळच्या लिंबूपाण्याने त्याला घाई होत नाही. कमी पी, हाच त्यावर उपाय. फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, मात्र थेंबही न घेणाऱ्यांच्या सोनोग्राफीतही खूप दिसायला लागलंय. बसून काम, गोड, रात्री उशिरा जेवण. चाल. रात्री दीडला आलेला तुझा "गुड नाईट" मेसेज मी सकाळी बघतो, त्यामुळे झोपेबद्दल वेगळं लिहीत नाही.

डिसेंबरात आलीस की पर्वती चढू. मी मधे दोनदा दम खाईन, तू थांबायचं.

जाता जाता, गेल्या वेळी तू इथे टाकून गेलेल्या त्या काचेच्या बाटल्या आईने गरम पाण्याने धुतल्या. एकीत मेतकूट भरलंय, दुसरीत जवसाची चटणी. झाकणं चांगली घट्ट आहेत. तेवढ्यापुरते पैसे वसूल झाले असं ती म्हणते.

तुझा,
बाबा